अप्पा पाण्यात पडले ते मिनिट

कुरुंदवाडच्या होड्यांच्या शर्यतीत विरूपाक्षअप्पांची होडी सगळ्यांत मागं राहिली आणि वर शेवटच्या दोरीपाशी पोचता पोचता खुद्द अप्पाच पाण्यात पडले. साठ वर्षांचे किराणा दुकानदार, पण वल्हं मारायची हौस दांडगी. निथळत काठावर आले ते शूटिंग घेणाऱ्या लेकीला म्हणाले, "सुशे, ते पडल्यालं काप. अमरेशला दावायचं न्हाय."

सुष्मिता कसबा बावड्यात राहायची, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. सगळी शर्यत तिनं हँडीकॅमवर घेतली होती. २००८ साल ते. भाऊ अमरेश मस्कतला, शांतव्वा आत्या हुबळीला. दोघांनाही शर्यत बघायची होती. पण आख्ख्या जगानं बघावं हे अप्पांना नको होतं. मग सुष्मितानं ठरवलं, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायची, पासवर्ड लावायचा आणि दोघांना तिचा इंटरनेटवरचा पत्ता द्यायचा.

टेप कॉम्प्युटरवर उतरवली तर नऊ जीबी! ती बारीक करायला एन्कोडिंग लावलं, तर पहिल्या खेपेला होड्यांचे नुसते चौकोन झाले. सुष्मितानं कपाळाला हात लावला. मग कळलं, गडबड नदीच्या पाण्याची. हलणारी प्रत्येक लाट फाइलमध्ये जागा मागत होती, होड्यांच्या वाट्याला काही उरतच नव्हतं. तिनं चित्र लहान केलं, एन्कोडिंग दोन फेऱ्यांत लावलं. मधे लोडशेडिंगनं एकदा सगळं पाण्यात गेलं, पुन्हा लावलं. चौथ्या खेपेला अप्पांच्या मिशासुद्धा ओळखू आल्या.

याच खटाटोपात तो पडण्याचा तुकडा तिनं दहादा बघितला, आणि त्यात तिला भलतंच काही दिसलं. अप्पांना सांगायला गेली तर, "त्यो विषयच नको," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. तिनं तुकडा कापला, पण पुसला नाही.

शुक्रवारी मस्कतला सुट्टी. अप्पा एस.टी.नं बावड्याला आले. घरच्या लाइनवरून एका वेळी एकालाच नीट फाइल जायची, म्हणून आत्यांनी आणि अमरेशनं ती आदल्या दिवशी आळीपाळीनं उतरवून घेतली होती. आता एकत्र बघायला दोघं दोन फोनवर, दोन्हींचे स्पीकर चालू.

"एक, दोन, तीन, लावा!" सुष्मिता ओरडली.

तिन्ही गावांत एकदमच होड्या सुटल्या. आत्या हुबळीतून कानडीत ओरडू लागल्या, अमरेश शिट्ट्या मारू लागला. दोरी जवळ आली आणि पडदा काळा झाला.

"फुडं?" अमरेशनं विचारलं.

"संपलं," अप्पा म्हणाले.

"खोटं बोलतोस, विरूपाक्षा! तू पडलास म्हणं," आत्या म्हणाल्या. सगळे हसले, अप्पांनाही हसू आवरेना.

"अप्पा, तुम्ही तरी एकदा बघा की," सुष्मिता म्हणाली.

"दाव बाई, आता काय राहिलंय!"

एका मिनिटाचा तुकडा तिनं त्याच पासवर्डच्या फोल्डरमध्ये टाकला. दोघांकडं उतरेपर्यंत चहा झाला.

अप्पा पडले. काठावर आरडाओरडा झाला. तेवढ्यात जिंकलेल्या होडीतून एकानं वल्हं टाकून धाडकन उडी मारली आणि अप्पांना दंडाला धरून वर काढलं.

"अप्पा, ते केरबाकाका न्हवं?" अमरेशनं विचारलं.

केरबाच होते! दोन वर्षांपूर्वी कुणाची होडी आधी पोचली यावरून अप्पांचं त्यांच्याशी वाजलं होतं, तेव्हापासून अबोला. नाकाडोळ्यांत पाणी गेलेलं, त्यामुळं आपल्याला कुण्या पोरानं काढलं, असं अप्पा इतके दिवस समजून होते. मग म्हणाले, "केरबाला फोन लाव."

तिनं लावून दिला.

"केरबा, विरूपाक्ष बोलतोय. मला तू काढलंस, सांगितलं का न्हाइस?"

"तू बोलत हुतास व्हय माझ्याशी?"

"मग आता बोलतोय न्हवं! रविवारी बावड्याला ये, लेकीकडं. शर्यत बघू आन् जेवूनच जा."

"येतो. पण आमची होडी पहिली आली, ते पयलं दाव!"

रविवारी दोघांनी शर्यत चार वेळा बघितली. पाचव्यांदा अप्पा म्हणाले, "दोन वर्सांमागची टेप हाय का गं? तवा आमीच पयलं हुतो." आणि दोघांचा आवाज असा काही चढला, की सुष्मितानं हसत हसत खिडक्या लावून घेतल्या आणि भाकऱ्या थापायला आत गेली.