जार पडण्याआधी

तांबडी गाय पहाटे व्याली. कालवड उभी राहायला धडपडत होती, तेवढ्यात निर्मलाबाईंनी तिच्या तोंडाला मुसके बांधले. सून रुपाने ते सोडले.

"जार पडू दे पहिले," सासूबाई म्हणाल्या. "तवलगून चीक देवानं नही. जड ऱ्हास. वासरूले हगवण लागस."

या घरात तसेच चालत आले होते. जार, म्हणजे वार, पडेपर्यंत वासराला थांबवायचे, मग पहिला घट्ट चीक खरवसासाठी काढायचा आणि उरेल तो वासराला. तांबडीची मागची दोन्ही वासरे अशीच थांबली होती. दोन्ही पांढऱ्या हगवणीने गेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी शेण तपासून सांगितले होते, ई. कोलाय.

रुपा सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती. हा जिवाणू गोठ्याच्या शेणामातीत असतोच. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती चिकातून येतात. आतडे ती पहिल्या दिवशीच आत घेते, त्यातही पहिल्या काही तासांत जास्त. जारेची वाट आतडे पाहत नाही.

"आत्याबाई, मागला दोन्हीसनी चीकनी वाट पाही पाहीसन जीव सोडा."

"तुले जास्त समजस? मन्ही सासू बी आसंच करे."

रुपाने गाईची कास गरम पाण्याने धुतली, कोरडी केली आणि सड कालवडीच्या तोंडात दिला. कालवड चुरूचुरू ओढू लागली.

"मरनी ते तुन्हा माथावर," निर्मलाबाई म्हणाल्या.

"मन्हा माथावर."

शेजारच्या वत्सलाबाई पातेले घेऊन आल्या. दरवेळी खरवसाचा चीक त्यांना जायचा.

"वासरूनं पोट भरू द्या काकू, उरनं ते देसू."

"आय माय! बी. एस्सी.वाली सून वासरूनी बी शाळा ली ऱ्हायनी!" रिकामे पातेले खणखणत परत गेले. निर्मलाबाईंची मान खाली गेली. गावात बोभाटा होणार होता. कालवड पीत असतानाच जार पडली.

तिसऱ्या दिवशी कालवडीने पातळ हगले. पिवळट, दुर्गंधीचे.

"दख! म्हनतच होती मी. आते दूध बंद कर, आतडी सुकू दे."

चीक म्हणजे अभेद्य भिंत नव्हे, हे रुपाला ठाऊक होते. पण वाहून जाणारे पाणी भरून न काढता दूधही तोडले, तर वासरू त्यानेच जाईल. तिने डॉक्टरांना फोन केला. कालवडीखालचा ओला भुसा काढून कोरडा टाकला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मीठ-साखरेचे पाणी बाटलीने पाजले आणि मधल्या वेळी तिला पुन्हा कासेला लावले.

"आयकस नही ना तू?"

"नही आयकत."

सासूबाई ओट्यावर पाठ फिरवून बसल्या. डॉक्टर आले, त्यांनी कालवडीच्या मानेची चिमटीत धरलेली कातडी सोडून अंगात पाणी किती ते पाहिले आणि म्हणाले, "पाणी चालू ठेवा. दूधही."

दुसऱ्या सकाळी शेण घट्ट होते. कालवड दाव्याला हिसके देत कासेकडे ओढ घेत होती.

निर्मलाबाई कालवडीपाशी आल्या. "वाचनी ते वाचनी," त्या म्हणाल्या. "पुढला येळे मातर जार पडू देसूत."

रुपाने दावे सोडले.

"पुढला येळे बी आसंच करसू, आत्याबाई."