पत्रकाखालची पट्टी

गुरुवारी शाळा सुटली की दुसरीच्या बाई वर्गाचं दार लोटून घेत, खडूचे हात धूत आणि टेबलाशी बसत. आठवड्याचं पत्रक लिहून झाल्याशिवाय चहाला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम होता. सात वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. शिपाईमामा कप बशीने झाकून टेबलावर ठेवत आणि दारातच रेंगाळत.

"बाई, चहावर साय आली. आता त्याच्यावरच दोन ओळी लिहा आणि पाठवा घरोघर."

"मामा, झालंच. शेवटचा भाग राहिलाय."

"एवढं जीव ओतून लिहिता. लोक त्यात डबा गुंडाळतात हो."

"गुंडाळू देत. डबा सोडताना तरी वाचतील."

पत्रक एका पानाचं असे. वर 'या आठवड्यात आम्ही शिकलो', मग 'पुढे काय आहे', आणि त्याखाली बाईंचा लाडका भाग, 'घरी विचारा'. शाळेत काय केलंस असं घरच्यांनी विचारलं की मूल 'काही नाही' म्हणतं, आणि त्या 'काही नाही'ची बाईंना भारी चीड होती. म्हणून त्या नेमके प्रश्नच लिहून देत. ओल्या कापसातल्या बीमधून आधी मूळ आलं की पान, ते विचारा. सावली दुपारी एवढीशी का होते, ते विचारा.

सगळ्यात खाली तुटक रेघ आणि रेघेखाली एक पट्टी. तिच्यावर मुलाचं नाव, पालकाची सही आणि एक कोरी ओळ: 'काही सांगायचे असल्यास'. शुक्रवारी पत्रक घरी जाई, सोमवारी मुलं पट्टी कापून आणत आणि दाराजवळच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकत.

सुरुवातीला बाई पट्टीन् पट्टी वाचत. पण त्यावर असायचं काय? बाटलीचं झाकण हरवलं. गृहपाठ फार होतो. गृहपाठ फारच कमी होतो. पुढे पुढे नुसत्या सह्याच येऊ लागल्या. मग बाई पट्ट्या मोजू लागल्या. चौतीस भरल्या की रबर लावून गठ्ठा कपाटात. वाचायचं ते सवड मिळाल्यावर. यात आपलं काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नाही. नेम पत्रक लिहिण्याचा होता, पट्ट्या वाचण्याचा नव्हता.

त्या महिन्यात पत्रकात वाचनाचा तास जाहीर झाला होता. एका शुक्रवारी घरच्यांनी वर्गात येऊन बसायचं आणि प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचं एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं. मुलं हरखून गेली होती. सगळ्यांत जास्त हरखली होती भिंगरी. तिचं हे नाव बाईंनीच पाडलं होतं, कारण ती बाकावर असली तरी जागेवर नसायची. वाचायचीही तशीच, श्वास न घेता, एका वाक्यातून दुसऱ्यात घुसत.

"भिंगरे, पूर्णविराम आला की थांबायचं असतं गं."

"आईपण हेच म्हणते. ती बोटाने टिचकी मारते, टिचकी वाजली की मी थांबते."

भिंगरीची आई आजारी आहे एवढं बाईंना ठाऊक होतं. पूर्वी ती घरी शिवणकाम करायची. वर्ष झालं, मशीन कापडाने झाकलेलं होतं. वडील चौकातल्या टपरीत किल्ल्या बनवून देत. शाळेत येणं-जाणं त्यांचंच.

वाचनाच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून सांगितलं, "तुमचा तो कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकला. तपासणी आलीय. नेमके त्याच शुक्रवारी रंगारी येणार, वर्ग रिकामे लागतील."

"मुलांची तयारी झालीय हो."

"मग आठ दिवसांत आणखी होईल. त्यात काय एवढं?"

खरंच, त्यात काय एवढं. बाईंनी 'पुढे काय आहे'मध्ये एक ओळ लिहिली: 'वाचनाचा तास काही कारणाने ठरलेल्या दिवसाऐवजी त्यापुढील शुक्रवारी होईल, कृपया नोंद घ्यावी.' लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. नेमाप्रमाणे पत्रक पुरं केलं आणि मग चहा घेतला.

सोमवारी पट्ट्या आल्या. तपासणीसाठी नोंदवह्यांचा डोंगर टेबलावर होता. बाईंनी डबा उपडा केला आणि भराभर मोजलं. चौतीस. त्यांतली एक चार घड्या घातलेली होती. घडी उलगडायला कुठला वेळ? तीही गठ्ठ्यात गेली.

मंगळवारी भिंगरी टेबलाशी आली.

"बाई, तुम्ही डब्यातलं वाचलं?"

"वाचते हं. जागेवर बस."

बुधवारी पुन्हा आली. "बाई, आई विचारत होती, बाई काही म्हणाल्या का."

"कशाबद्दल?"

"डब्यात आहे ते."

तेवढ्यात मागे दोघांची पेन्सिलवरून जुंपली. बाई तिकडे धावल्या आणि परत येताना म्हणाल्या, "भिंगरे, किती फिरशील? पायाला चाकं लावलीत का तुझ्या?" वर्ग हसला. भिंगरीही थोडी हसली आणि जाऊन बसली. त्यानंतर ती टेबलाशी आली नाही.

शुक्रवारी रंगारी आलेच नाहीत. वाचनासाठी ठरलेला तो तास मोकळाच राहिला. बाईंनी मुलांना चित्रं काढायला दिली आणि नोंदवह्या पूर्ण केल्या. भिंगरीने खिडकी काढली. नुसती खिडकी, तिच्यात कोणी नाही. बाईंनी त्यावर 'छान' लिहिलं.

पुढच्या सोमवारी भिंगरी शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत शिपाईमामा दारात उभे राहिले. आज त्यांच्या हातात कप नव्हता.

"बाई, किल्लीवाल्याची बायको गेली. सकाळीच. दवाखान्यात."

बिचारी पोर, एवढंच आधी बाईंच्या मनात आलं. मग एकदम आठवलं. डब्यात आहे ते.

शाळा सुटेपर्यंत त्यांनी कसं शिकवलं, त्यांचं त्यांना माहीत. मुलं गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, मागच्या आठवड्याच्या गठ्ठ्याचं रबर काढलं. घडी घातलेली पट्टी शोधावी लागली नाही, ती फुगून वरच आली होती. 'काही सांगायचे असल्यास'ची ओळ केव्हाच संपली होती आणि बारीक, सरळ अक्षर पट्टीच्या मागच्या बाजूला उतरलं होतं, एखाद्या कसलेल्या हाताने टाके घालावेत तसं.

'बाईंना नमस्कार. वाचनाच्या नव्या तारखेला मला जमेलसं दिसत नाही. या शनिवारी मला दवाखान्यात नेणार आहेत, परत कधी ते ठरलेलं नाही. सगळ्यांचा कार्यक्रम माझ्यासाठी बदला असं म्हणत नाही. पण या आठवड्यात कुठल्याही दिवशी पाच मिनिटं हिला वाचू दिलंत तर मी रिक्षाने येईन. पायरीवर बसूनही ऐकेन. घरी ती मला वाचून दाखवतेच, पण वर्गात उभी राहून कशी वाचते ते बघायचं होतं. होय किंवा नाही एवढं हिच्याजवळ सांगा. नाही म्हणालात तरी राग नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला डोळ्यांनी साथ दिली नाही. पाच मिनिटं. पायरीवर बसून. आणि शुक्रवारचा तो अख्खा मोकळा तास त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्यांनी हात जोडले, पण देवाकडे काय मागायचं तेच सुचेना. क्षमा मागायची ती त्याच्याकडे नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी पत्रक त्यांनी कसंबसं लिहिलं. चहा तसाच राहिला, मामांनी उचलून नेला. शुक्रवारी वाचनाचा तास झाला. तेहतीस मुलांनी वाचलं, तेहतीस घरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे कौतुक करून गेले.

रविवारी बाई भिंगरीच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिवणाचं मशीन, शेजारी उशी नसलेली खाट. भिंगरीची आत्या पाणी ठेवून आत गेली. वडील खुर्चीवरून उठले आणि उभेच राहिले.

"बसा ना बाई. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

बाई बसल्या. पाण्याला हात लावला नाही. येताना त्यांनी मनात पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"मी तुम्हाला एक सांगायला आले. भिंगरीच्या आईने पट्टीवर लिहिलं होतं..."

"हो हो. आम्हाला कळलं ते," वडील घाईघाईने म्हणाले. "नियम म्हटला की सगळ्यांना एकच. तीच मला म्हणाली, बाईंनी एकीला हो म्हटलं तर दहा जणी येतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नाही म्हणालात त्यात तुमचं..."

"मी 'नाही' म्हणालेच नाही." बाईंचा आवाज इतका खाली गेला की वडील ऐकायला पुढे वाकले. "मी ती वाचलीच नाही. बुधवारी वाचली. ती गेल्यावर."

किल्ल्या घासून काळी पडलेली बोटं वडिलांनी एकमेकांत अडकवली, सोडली, पुन्हा अडकवली. मग म्हणाले, "शुक्रवारपर्यंत वाट बघत होती. साडी काढून ठेवली होती. पोरगी घरी आली की पहिलं तेच विचारायची."

"वाचली असती तर मी हो म्हटलं असतं."

"ते नका सांगू बाई." ते पहिल्यांदाच जरा तडकून बोलले, आणि लगेच नरमले. "म्हणजे... नाही म्हणालात हेच बरं वाटत होतं. ते सोसवत होतं."

बाईंनी मान खाली घातली. यावर माफी मागणंसुद्धा आपलंच ओझं त्यांच्या खांद्यावर ठेवण्यासारखं होतं.

वडील मशीनपाशी गेले, खणातून एक जाड चोपडं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. वर्षभराची पत्रकं होती ती. निळ्या दोऱ्याने एकाखाली एक शिवलेली, कडा सारख्या कापलेल्या. प्रत्येक 'घरी विचारा'समोर त्या बारीक अक्षरात उत्तर लिहिलेलं. 'आधी मूळ आलं म्हणाली, मग म्हणाली पान, मग कापूस उपसून बघून आली.' 'सावली दुपारी जेवायला जाते म्हणाली.' बाई पानं उलटत गेल्या. आपण दर गुरुवारी कोणासाठी लिहीत होतो, ते आज त्यांना दिसत होतं. शेवटचं पत्रक, तारीख बदलल्याचं, अर्धंच शिवलेलं होतं. दोरा तसाच लोंबत होता आणि दोऱ्यात सुई.

आतून भिंगरी आली. केस कोणीतरी घट्ट बांधून दिले होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली, अगदी स्थिर. तिला इतकं स्थिर बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"मी वाचून दाखवलं तिला," ती म्हणाली. "दवाखान्यात. मागच्या रविवारी."

"हो? काय म्हणाली आई?"

"झोपली होती. टिचकी वाजलीच नाही. मग मी आपली आपणच थांबले. प्रत्येक पूर्णविरामाला."

बाईंनी सुई काढून मशीनवरच्या टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवली, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. तेवढंच त्यांना करता आलं.

"भिंगरे, तू ज्या दिवशी येशील..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. आता कुठल्या दिवसाचं वचन द्यायचं?

पुढच्या सोमवारपासून बिस्किटांचा डबा दाराजवळ नव्हता. बाई स्वतः दारात उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून पट्टी घ्यायची, तिथंच वाचायची, मग आत सोडायचं. चौतिसावी वाचून होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. प्रार्थनेची घंटा होऊन गेली, व्हरांड्यात मुलांची रांग लागली.

"बाई, मोठ्या बाई बघतायत," मामा हळूच म्हणाले.

"बघू देत."

झाकण हरवलं होतं, ते वाचलं. गृहपाठ जास्त झाला होता, तेही वाचलं. नुसत्या सह्या होत्या, त्याही वाचल्या. सगळ्यांत शेवटी, रांग संपल्यावर, भिंगरी आली. शुक्रवारचं पत्रक मामांनी टपरीवर पोचवलं होतं. दप्तर न उतरवताच तिने खिशातून पट्टी काढली. घडी नव्हती. कापलेली कड वाकडीतिकडी होती, कात्रीची सवय नसलेल्या हाताची. तिने ती बाईंच्या हातात दिली आणि तिथंच उभी राहिली.

पट्टीवर वडिलांची सही होती. 'काही सांगायचे असल्यास'समोरची ओळ कोरी होती.

बाईंनी ती कोरी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली.

"वाचली?" भिंगरीने विचारलं.

"वाचली."

भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग ती आपल्या बाकावर जाऊन बसली.