वारेनं दिलेला दगा

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखाली ओल्या छत्र्यांना टेकू देत उभं असलेलं हे जुनं सोनोग्राफी मशीन म्हणजे मी.

कारखान्यात मला आवाजाच्या लहरींनी पाहायला शिकवलं. पोटातल्या बाळाचं हृदय माझ्या पडद्यावर लुकलुकलं, की लोक डोळे पुसत आणि माझं कौतुक करत. त्या कौतुकावर मी विसंबलो, हीच माझी चूक.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. पहिलंच गरोदरपण. पण पडद्यावर बाळ नव्हतंच. पाण्यानं फुगलेल्या बारीक फोडांचे घोस होते. बाळाला पोसणारी वार बाळाशिवायच वाढत सुटली होती. याला द्राक्षगर्भ म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशय रिकामं केलं आणि बजावलं, "दर आठवड्याला रक्त तपासायचं. गरोदरपणाचं हार्मोन पूर्ण उतरायला हवं. तोवर पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत."

ताई थोडे दिवस आल्या, मग दिसेनाशा झाल्या. परतल्या त्या रक्तस्राव होत असताना, जावेच्या खांद्याचा आधार घेऊन.

"घरी तपासलं तर पट्टीवर दोन रेघा आल्या," जाऊ म्हणाली. "मीच म्हटलं, दिवस गेलेत, आता कशाला सुया टोचून घेतेस? हिनं तर झबलीपण शिवलीत."

मी पाहिलं. गर्भाशयाची पोकळी रिकामी होती. पण त्याच्या भिंतीत, थेट स्नायूत, तेच घोस घुसले होते. मागे उरलेली वारच ते हार्मोन सोडत होती. दोन रेघा बाळाच्या नव्हत्या, या वारेच्या होत्या.

"म्हणजे माझ्याच पोटानं मला फसवलं?" ताईंनी विचारलं.

"उशीर झालाय, पण औषधानं हे बरं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता एकही तपासणी चुकवायची नाही."

जावेनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या डबड्याला चांगलं काही दिसतच नाही. पांढऱ्या पायाचं मेलं."

मी खरं तेच दाखवलं होतं. तरी माझी बाजू कुणी घेतली नाही, डॉक्टरीणबाईंनीसुद्धा. पुढे नवं मशीन आलं आणि मी जिन्याखाली आलो.

आज ताईंचं हार्मोन पूर्ण उतरल्याचं कळलं. सगळे नव्या मशीनभोवती हसत उभे होते.

"सुटलीस बाई एकदाची," जाऊ जिन्यापाशी म्हणाली.

"सुटले कुठली? ते पुन्हा चढत नाही ना, हे बघायला अजून कितीतरी महिने रक्त तपासायला यायचंय. आणि मी येणार. तू छत्री घे."

जावेनं माझ्या अंगावरची छत्री उचलली. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. पण घरातल्या कुणाला पुन्हा तपासायला बोलावलं असेल, तर आनंदाच्या भरात तिला अडवू नका. सोबत जा.