मुठीचा तांदूळ

बायजाबाईंनी कोपरापर्यंत हात डब्यात घातला, तळापासून मूठभर तांदूळ वर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग बोटं सैल सोडून तो परत डब्यात पडू दिला.

"तिसरा माळा आहे वं तुझा," त्या म्हणाल्या. "मी पायऱ्या चढून राहिली, अन् मनात म्हणून राहिली, एस्तेरच्या घरी जायले आता स्वर्गाइतकंच चढा लागते."

"बसा ना. चहा ठेवते."

"मी कुठं नाही म्हटलं? तू विचारलंच नाही आतापर्यंत."

एस्तेरबाईंनी गॅस पेटवला. स्वयंपाकघर नवं होतं. ओट्याला काळ्या ठिपक्यांचा पांढरा दगड, भिंतीला अर्ध्यावर फरशा, कोपऱ्यात फ्रीज. मुलगा प्रभाकर इंजिनिअर झाला, त्याला कंपनीनं रामदासपेठेत ही जागा दिली, आणि दोन वर्षांपूर्वी एस्तेरबाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात हॉस्पिटलच्या आवारातल्या दोन खोल्या सोडून सगळे इथे आले. सामान पुष्कळसं तिथेच वाटून टाकलं होतं. तांदळाचा पत्र्याचा डबा मात्र सोबत आला होता.

ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येक घरी असा एक डबा असे. रोजचा स्वयंपाक करताना बाईनं शिजवायच्या धान्यातून एक मूठ काढून त्यात टाकायची. शनिवारी बायजाबाई पिशवी घेऊन फिरत आणि सगळ्यांच्या मुठी गोळा करत. ते धान्य हॉस्पिटलच्या मागे तीन दगडांची चूल मांडून बसलेल्या, खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना जाई. बायजाबाई वॉर्डात आया होत्या तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे होतं. आता त्यांचं वय सत्तरीच्या पुढे असावं. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

"चांगला तांदूळ आहे," पिशवीत डबा उपडा करत बायजाबाई म्हणाल्या. "एकसारखा. पहिल्या दाण्यापासून शेवटच्या दाण्यापर्यंत एकसारखा."

एस्तेरबाईंचा हात साखरेच्या बरणीवर थांबला.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काम केलं होतं. बायजाबाईंनी काय पाहिलं ते त्यांना लगेच कळलं. रोज एक मूठ टाकली की डब्यात थर साठतात. सोमवारचा जाड, बुधवारचा नवा, मध्येच कणी, कधी ज्वारी. हा तांदूळ एकाच पोत्यातून, एकाच वेळी ओतलेला होता. आज सकाळी, साडेआठला. त्यांनीच ओतला होता.

"किती दिवसांपासून माहीत आहे तुम्हाला?"

"दोन वर्षं झाले असतीन."

"मग काहून नाही बोलल्या?"

"काय बोलू? तांदूळ चांगला आहे. खाणाऱ्याचं पोट भरते." बायजाबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "अन् मले वाटलं, तू हिशेबी बाई. तुलेच दिसन एक दिवस." त्यांनी बिस्किट बुडवलं, ते मोडून बशीत पडलं. "गेलं बाप्पा! नव्या घरचे बिस्किटंही नरम." मग बोटानं ते काढता काढता त्या म्हणाल्या, "उद्या तुझी साक्ष आहे. पाळकसाहेबानं फळ्यावर लिहून ठेवलं. ध्यानात आहे ना?"

ध्यानात होतं. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये उपकारस्तुतीच्या रविवारी कुणीतरी उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं, आणि दर दोन-तीन वर्षांनी ते काम एस्तेरबाईंकडे येई. त्यांची साक्ष सगळ्यांना आवडे. त्यांच्याइतकं सोसलेलं मंडळीत फारसं कुणी नव्हतं.

बायजाबाई जिना उतरून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज प्रत्येक मजल्यावर थांबत खाली गेला.

*

सोसणं सुरू झालं ते सासष्ट साली. चौदा नंबरची स्लाइड.

स्लाइडवर फक्त नंबर असे, नाव नसे. एस्तेरबाईंनी नेहमीप्रमाणे बेडक्याचा पातळ थर काचेवर पसरला, लाल रंग घालून स्पिरिटच्या दिव्यावर वाफ येईपर्यंत तापवला, आम्लानं धुतला, वरून निळा रंग दिला. भिंगाखाली निळ्या जमिनीवर लाल काड्या दिसल्या, क्षयाचे जंतू. पुष्कळ होत्या. त्यांनी रजिस्टरात चौदासमोर तीन अधिकची खूण केली आणि पंधरावी स्लाइड उचलली. संध्याकाळी नंबरांसमोर नावं भरताना चौदासमोर यशवंत सोनटक्के हे नाव आलं. ते त्यांचे पती होते. शाळेत ड्रॉइंग शिकवत. डॉक्टरांनी खोकला तपासायला सांगितलाय हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

नाव भरताना एस्तेरबाईंचं अक्षर बदललं नाही. पुढे कित्येकदा त्यांनी ते पान उघडून पाहिलं होतं.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे सुया, गोळ्या, रेशनच्या रांगा. तांदूळ मिळत नसे, अमेरिकेची लाल ज्वारी मिळे. बारा वर्षांचा प्रभाकर ती भाकरी पाहून तोंड फिरवायचा. त्यातूनही एस्तेरबाई एक मूठ काढायच्या. मूठ डब्यात सोडताना दात आवळून म्हणायच्या, "घे. हेही घे."

कुणाला म्हणत होत्या ते त्यांना पक्कं माहीत होतं. तो ऐकत होता याबद्दलही त्यांना कधी शंका आली नाही. ऐकत नसता तर इतका राग आलाच नसता. यशवंतरावांना रक्ताची गुळणी आली त्या दिवशीही मूठ पडली. ते गेले त्याच्या चौथ्या दिवशी, शेजारच्यांचं जेवण येणं बंद झालं आणि त्यांनी स्वतः चूल पेटवली, तेव्हाही पडली. त्या दिवशी त्यांनी डबा जमिनीवर आपटला होता. त्याच्या बुडाला अजून पोचा होता.

साक्ष देताना मात्र त्या एवढंच सांगत, की दुःखाच्या काळात प्रभूनं हात सोडला नाही, आणि प्रार्थनेत खंड पडला नाही. यात खोटं काही नव्हतं. प्रार्थना कशी होती ते फक्त वगळलेलं होतं.

आणि मग ती थांबली.

शनिवारची सगळी दुपार एस्तेरबाई खाटेवर बसून ती कधी थांबली ते शोधत राहिल्या. नव्या घरात स्वयंपाक सून करू लागली. शामला शाळेत शिकवायची, पहाटे उठून भराभर आवरायची, सासूला ओट्याजवळ उभं राहू द्यायची नाही. पहिल्याच शनिवारी बायजाबाई यायच्या वेळी डबा रिकामा दिसला, म्हणून एस्तेरबाईंनी त्यात पोत्यातला तांदूळ ओतला. एकदाच, वेळ नव्हता म्हणून. पुढच्या शनिवारी पुन्हा. रात्रीची प्रार्थना पंख्याखाली डोळा लागल्यामुळे एकदा राहिली. सकाळची पेपरमुळे. कुणाशी भांडण झालं नव्हतं, मन कशावरून उडालं नव्हतं. रविवारी त्या देवळात जात, गीतं म्हणत. पण घरी, एकट्या असताना, त्याला सांगावं असं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. दोन वर्षं त्या त्याच्याशी बोललेल्या नव्हत्या, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. तारीख सापडली नाही.

*

रविवारी देऊळ भरलेलं होतं. वेदीसमोर ऊस, पपया, संत्र्यांच्या टोपल्या मांडल्या होत्या, आणि मधोमध बायजाबाईंची पिशवी. पाळकसाहेबांनी नाव घेतलं. एस्तेरबाई उठून पुढे गेल्या. पहिल्या बाकावर महिला मंडळाच्या अध्यक्ष कुसुमताईंनी आधीच रुमाल काढून ठेवला होता.

"मी दर वेळी सांगते ते तुम्हाला पाठ आहे," एस्तेरबाई म्हणाल्या. "दुःखात माझी प्रार्थना सुटली नाही. ते खरं आहे. पण ती प्रार्थना म्हणजे भांडण होतं. मी देवाला रोज टोचून बोलत होते. हे मी कधी सांगितलं नाही."

"आमेन," कुसुमताई सवयीनं म्हणाल्या, आणि मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"आता दोन वर्षं झाली, मी प्रार्थना केलेली नाही. काही वाईट घडलं म्हणून नाही. कुणी आजारी नाही. मुलगा चांगला आहे, सून माझं सगळं करते. घरात कशाची कमी नाही. प्रार्थना कधी सुटली ते मला सांगता येत नाही, कारण ती सुटल्याचं मला दुखलं नाही." त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "यात माझ्या घरचा तांदूळ आहे. तो मुठीचा नाही. मी तो शनिवारी सकाळी ओतते. एवढंच सांगायचं होतं."

त्या जागेवर येऊन बसल्या. कुणीतरी खोकलं. पेटीवाल्यानं पुढच्या गीताचा सूर एकदा चुकीचा धरला, मग बरोबर धरला.

उपासनेनंतर बाहेर चिंचेखाली कुसुमताईंनी त्यांचा हात धरला. "बाई, तब्येत बरी आहे ना? बीपी तपासून घ्या एकदा. माझ्या जावेचंही असंच व्हायचं."

"बीपी ठीक आहे."

पाळकसाहेब तरुण होते, यंदाच बदलून आले होते. ते जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाई, तुमच्यावर कित्येकांची श्रद्धा टिकून आहे. त्यांनी काय समजायचं? तुमचा विश्वास राहिला नाही?"

एस्तेरबाईंनी थोडा विचार केला.

"तसं लिहून देता येणार नाही. एका स्लाइडवर काही दिसलं नाही म्हणून आम्ही निगेटिव्ह देत नसू. तीन दिवसांचे तीन नमुने मागवायचो. प्रत्येक काच पुरती बघायची."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून बघायचं आहे."

पाळकसाहेबांना हे कितपत समजलं ते कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या कुटुंबाकडे वळले. बायजाबाई पायरीवर बसून पिशवीचं तोंड सुतळीनं बांधत होत्या. एस्तेरबाई समोरून गेल्या तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही, फक्त म्हणाल्या, "तोंड कोरडं पडलं असन तुझं. नळाचं पाणी पिऊ नको वं, गढूळ आहे."

परतताना एस्तेरबाई आणि शामला रिक्षात होत्या. प्रभाकर पुढे स्कूटरवर गेला होता. बर्डीच्या बाजारापर्यंत शामलानं बाहेरच बघितलं.

"लोकं म्हणतील, सुनेनं सासूला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही," शेवटी ती म्हणाली. "म्हणून असं झालं म्हणतील."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलं, आई. पण मी पुढच्या रविवारी त्यांच्यात कशी बसू? तुम्ही मला आधी सांगायचं होतं. मी काढली असती ना रोज मूठ. काय कठीण होतं?"

"तुझी मूठ तुझी झाली असती."

शामलानं पुन्हा बाहेर बघितलं. तिचे डोळे भरले होते. एस्तेरबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, धरलाही नाही.

संध्याकाळी शामलानं कुकर काढला. चार जणांपुरता तांदूळ पातेल्यात घेतला, कारण आज प्रभाकरचा मित्र जेवायला यायचा होता. ती नळाखाली पातेलं धरणार तोच एस्तेरबाई दारातून म्हणाल्या, "थांब. धुवू नको."

शामला बाजूला झाली.

एस्तेरबाईंनी डबा ओट्यावर ठेवला. काल उपडा केल्यानंतर तो तसाच रिकामा होता. त्यांनी पातेल्यात हात घातला आणि मूठ वळली. संधिवातानं शेवटची दोन बोटं आता पुरती मिटत नसत. डब्यापर्यंत नेईतो दाणे फटीतून गळत राहिले. थोडे ओट्यावर पडले, थोडे फरशीवर. उरलेले डब्याच्या पोचा आलेल्या बुडावर पडले. रिकाम्या पत्र्यावर आवाज मोठा झाला.

त्या डब्यावर हात धरून उभ्या राहिल्या. पूर्वी या क्षणी जे शब्द यायचे ते आले नाहीत. दुसरे कुठलेही आले नाहीत. त्या तरी थांबल्या, रंग चढायला स्लाइडला जितका वेळ द्यायच्या तितका वेळ.

शामला वाकून फरशीवरचे दाणे वेचत होती. तळहातावर ते गोळा करून तिनं विचारलं, "हे डब्यात टाकू?"

"नको," एस्तेरबाई म्हणाल्या. "मुठीत राहिले तेवढेच डब्यातले. हे भातात घाल."

आणि त्यांनी झाकण लावलं.