दोन तळहातांमधली फट

“हात दाखव,” आत्या म्हणाली.

“अगं, भांडी घासतेय ना!”

“मग साबणाचे दाखव. डॉक्टर म्हणाले, ‘आय ॲम शुअर यू विल बी फाइन.’ किती?”

मी फेसाळलेले दोन्ही तळहात चटकन एकमेकांना चिकटवले. शुअर म्हणजे शुअर! त्यात विचार काय करायचा?

“नापास!” आत्यानं माझी मनगटं धरून हात चांगले वीतभर लांब केले. फेस टपटप तिच्या पायावर पडला. “खात्री असलेला माणूस खात्रीचं नावसुद्धा काढत नाही. किल्ली खुंटीवर आहे हे ज्याला माहीत असतं, तो म्हणतो, किल्ली खुंटीवर आहे. ‘आय ॲम शुअर इथंच ठेवली होती’ म्हणणारा पलंगाखाली ओणवा झालेला असतो.”

हा आमच्या घरातला खेळ. बाकीच्यांच्या घरी पत्ते असतात, आमच्याकडे तळहात. माझी आत्या एका मोठ्या रुग्णालयात दुभाषी आहे. तिथले डॉक्टर इंग्रजी बोलणारे, आणि पेशंट बरेचसे आपले मराठी, इंग्रजी ऐकलं की ओशाळं हसून मान डोलवणारे. मध्ये आत्या. ती शब्द तर सांगतेच, पण सांगताना तळहात समोर धरते. हात जुळलेले म्हणजे डॉक्टरांना पक्कं माहीत आहे. जेवढी फट, तेवढी शंका. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. कामाला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इंग्रजीतली शंका आपल्याकडे येता येता वाटेतच सांडते. ‘प्रॉबेब्ली’ निघतं आणि ‘होणारच’ पोचतं.

“‘आय माइट बी राँग, बट’?” तिनं पुढचा चेंडू टाकला.

मी हात लांब नेले.

“जवळ आण. असं म्हणणारा बाह्या सरसावून बसलेला असतो. ‘विथ अ बिट ऑफ लक’?”

मी हात असे काही फाकवले की फडताळावरचा पेला खाली आला.

“हे मात्र बरोबर,” पेला उचलत आत्या म्हणाली.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिच्याबरोबर वॉर्डात गेले होते. एक आजोबा खाटेवर, शेजारी आजी आणि त्यांचा मुलगा. डॉक्टर आजोबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “आय ॲम शुअर वी विल हॅव यू होम सून.” आत्या म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, लवकर घरी जाल अशी आशा आहे.” आणि हात वीतभर लांब.

मुलगा उखडला. “अहो बाई, शुअर म्हणाले ते! शुअर मलाही कळतं. तुम्ही कशाला पाणी घालता त्यात?”

“मी घालत नाही, दादा. होतं तेवढंच आणलंय. हवं तर त्यांनाच परत विचारते.”

तिनं खरंच विचारलं. डॉक्टर थांबले, खुर्ची ओढून बसले, आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. बरंच काही अजून कळायचं होतं. त्या दुपारी आजींनी लांब राहणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं. ती आली, बापाच्या उशाशी बसली, बापलेकीनं खूप गप्पा मारल्या. पुढच्या आठवड्यात आजोबा गेले. नंतर आजी आत्याला शोधत आल्या. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

आता माझं. मला घरात ‘भोंगा’ म्हणतात, कारण माझा आवाज म्हणे तीन घरं पलीकडे जातो. पण हा भोंगा वर्गात मुका होता, अगदी गेल्या वर्षापर्यंत. उत्तर यायचं, पण चुकलं तर? या ‘तर’पायी मी बाकाकडे बघत बसायचे. आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “वेडाबाई, हात जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं कुणी सांगितलं? फट ठेवून बोल की! ‘आय थिंक’ म्हण आणि घुस. ते शब्द त्यासाठीच केलेत.” दुसऱ्या दिवशी मी “आय थिंक” म्हणून घुसले, आणि उत्तर साफ चुकलं. सर म्हणाले, “इंटरेस्टिंग, पुढे?” पुढे! मला पुढे विचारलं! तेव्हापासून मी जी सुटलेय ती सुटलेय.

आणि अशा या माझ्या आत्याचा डावा कान एका सकाळी उठल्यावर गेला. कसलं दुखणं नाही, पडणं नाही. उजवा आधीच मंद होता, सगळी भिस्त डाव्यावर. गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. आत्या घरात हसून बोलायची, पण तळहातांचा खेळ थांबला होता. दुभाष्याला ऐकूच आलं नाही, तर तो पोचवणार काय?

शेवटच्या तपासणीला बाबा निघाले होते. आत्या म्हणाली, “दादा, तू राहू दे. तू मला बरं वाटेल असं सांगशील. भोंगा येईल.”

डॉक्टरीणबाई मृदू बोलणाऱ्या, तोंडावर मास्क, नजर पडद्यावरच्या आलेखाकडे. आत्यानं मला आपल्या समोर बसवलं आणि त्यांना ऐटीत इंग्रजीत सांगितलं, “आज मी माझा दुभाषी घेऊन आलेय.” बाई हसल्या. मग हळूहळू बोलू लागल्या. उजवा कान टिकायला हवा, ‘शुड’ म्हणाल्या. कानाचं यंत्र लावून चारचौघांत नीट भागेल. आणि डावा... पडद्यावरून त्यांनी नजर काढली. “आय वुड बी सरप्राइज्ड इफ इट केम बॅक.”

आत्या माझ्याकडे बघत होती, पण चेहऱ्याकडे नाही. हातांकडे.

काय सोपं होतं सांगू! हात थोडे लांब धरायचे. आलं तर आश्चर्य वाटेल, म्हणजे येऊही शकतं, असं मोठ्यानं म्हणून टाकायचं. खोटंसुद्धा ठरलं नसतं. घरी जाताना ती हसली असती. आणि मग रोज सकाळी उठून डाव्या कानाशी चुटकी वाजवून बघत बसली असती.

मला त्या आजी आठवल्या, आत्याचे हात धरून उभ्या राहिलेल्या.

“उजवा राहील असं त्यांना वाटतंय,” मी तिच्या उजव्या कानाजवळ जाऊन म्हणाले आणि तळहातांत चार बोटांची जागा ठेवली. “आणि डावा...” माझा भोंगा कुठे गेला कोण जाणे. “डावा परत येईल असं त्यांना वाटत नाही, आत्या.”

मी हात जवळ आणले. आणखी जवळ. पण जोडले नाहीत, कारण त्यांनीही जोडले नव्हते.

आत्यानं त्या फटीकडे बघितलं. मग तिनं आपली करंगळी पुढे केली आणि अलगद त्या फटीत सरकवून बघितली. बसली, जेमतेम.

“एवढी आहे ना?”

“एवढीच आहे.”

“पास,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंकडे वळून तिनं त्यांचे नीट, सावकाश आभार मानले. मग पिशवी खांद्याला अडकवली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि उठली.

बाहेर लांबलचक मार्गिका होती. मागून कुणीतरी चाकाची खाट ढकलत, “बाजूला, बाजूला!” ओरडत डावीकडून आलं. आत्या आपल्याच चालीनं चालत होती. मी तिचा दंड धरून तिला हलकेच कडेला घेतलं आणि वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आले.

“काय गं?” तिनं विचारलं.

“काही नाही. इथून चालते मी आता.”

तिनं माझा हात घट्ट धरला. दोन तळहात, मध्ये जराही फट नाही.