गाद्यांच्या कंपनीची किंमत

आमच्या घरात दोन जण फायनान्समध्ये मास्टर्स करत होते. एक माझा नवरा आणि दुसरी माझी आई. दोघं एकाच वर्गात, आणि शेवटच्या सत्रात तर एकाच गटात. गटात तिसरा एक मुलगा होता, पण त्याला नोकरी लागली आणि तो दोघांना शुभेच्छा देऊन निघून गेला. त्याच्या शुभेच्छांची किती गरज पडणार होती, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

नवऱ्याचं कारण साधं होतं. विमा कंपनीतला त्याचा साहेब त्याच्यापेक्षा वयाने बराच लहान आणि एका पदवीने मोठा होता. आईचं कारण त्याहून साधं. बँकेत असल्या पदवीवाल्यांच्या हाताखाली नोकरी संपवल्यावर ती पदवी आतून कशी दिसते ते तिला बघायचं होतं. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली होती. आली म्हणजे सामान आलं. ती स्वतः अजून पाहुणीच होती. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवायची की बातम्या निवेदिकेच्या ओठांवरून वाचाव्या लागत.

कोर्सचं माहितीपत्रक नवऱ्याने आणलं होतं. आईने ते वाटाणे सोलता सोलता वाचून काढलं आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, मीपण फॉर्म भरला तर त्यांची काही हरकत?"

नवरा शेजारच्या खोलीत होता. दार उघडं होतं.

"काही हरकत नाही म्हणावं," तो तिकडून म्हणाला.

"काही हरकत नाही," मी आईला सांगितलं.

"बरं झालं बाई," आई म्हणाली.

तेव्हापासून मी त्या घरातलं टपाल खातं झाले. मी शाळेत इतिहास शिकवते. मेलेल्या राजांचे खजिने मला तोंडपाठ आहेत. जिवंत माणसांच्या पैशातलं मला काही कळत नाही.

दोघं अभ्यासाला जेवणाच्या टेबलावर बसत. भिंतीच्या बाजूच्या खुर्चीजवळ प्लग होता आणि लॅपटॉपची वायर तोकडी.

"आई, तुम्ही बसा इथे."

"छे छे, जावईबापू, तुम्ही बसा."

"नाही, तुम्ही मोठ्या आहात."

"तुमचं घर आहे."

शेवटी दोघंही दुसऱ्या बाजूला बसत, प्लगजवळची खुर्ची आदराने रिकामी राही आणि लॅपटॉप मधल्या मधे मान टाकी.

शेवटच्या प्रकल्पात एका कंपनीची किंमत काढायची होती. नवऱ्याने गाद्या बनवणारी कंपनी निवडली. आकड्यांचा तक्ता त्याने केला, अहवाल आईने लिहिला. प्रकल्प नापास झाला की अख्खं वर्ष परत. नवरा म्हणाला, तसं झालं तर तो परत बसेल. आई म्हणाली, ती बसणार नाही. "एकदा हौस केली, पुरे. मग आपली गप राहीन तुमच्या घरी." तिने ते 'तुमच्या' अगदी सहज म्हटलं. मला ते दिवसभर टोचत राहिलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी भांडी आवरत असताना आई मागे येऊन उभी राहिली.

"त्यांचं चुकलंय."

"कुणाचं?"

"जावईबापूंचं. तक्त्यात. महागाईत घोळ आहे."

"मग सांग की त्याला."

"जावयाची चूक काढू? एवढ्या मेहनतीने केलंय त्यांनी."

"आई, तुम्ही एका गटात आहात. तो बुडाला की तूही बुडणार."

"गट वेगळा, घर वेगळं," आई म्हणाली आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागली. "तूच सांग. पण मी म्हटलं असं सांगू नकोस."

मी आत गेले. नवरा मोजे शोधत होता.

"तुझ्या तक्त्यात महागाईचा घोळ आहे."

"हे तू सांगतेस?" त्याने मोजा खाली ठेवला. "आई म्हणाल्या का?"

"नाही."

"मग काय घोळ आहे?"

"कमी पडली असेल," मी म्हटलं. बाजारात जाऊन आलेल्या कुठल्याही बाईने हेच उत्तर दिलं असतं.

नवऱ्याने विचार केला आणि महागाई वाढवली. गाद्यांची कंपनी, जी आधीच जरा जास्त मोठी दिसत होती, ती माझ्या निरोपाने आणखी फुगली. दुसऱ्या दिवशी आईने नवा आकडा बघितला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ती मी लहानपणी शाई सांडल्यावर बघायची. पण बोलली नाही. तीही नाही आणि तोही नाही. खरं तर त्यालाही आकडा खटकत होता, हे मला नंतर कळलं. पण सासूला विचारायचं म्हणजे जावयाला येत नाही असं कबूल करायचं.

तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. दोघं टेबलाशी शेजारी शेजारी बसले, आईने ठेवणीतली साडी नेसलेली, नवऱ्याने वरती कोट आणि खाली घरची पँट. मी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

परीक्षक बाई चष्मा कपाळावर ठेवून वाचत होत्या. त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि चष्मा नाकावर आणला.

"ही कंपनी गाद्याच बनवते ना?"

"हो," नवरा म्हणाला.

"तुमच्या आकड्यांवरून असं दिसतं, की पुढची वीस वर्षं लोक अंथरुणातून उठणारच नाहीत. कुठेतरी चूक आहे."

नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाली, "चूक माझी आहे."

"नाही मॅडम, तक्ता मी केलाय," नवरा म्हणाला.

"अहवाल मी लिहिलाय. मी बघायला हवं होतं."

"आई, तुम्ही कशाला? माझी चूक आहे."

"तुम्ही गप्प बसा हो, जावईबापू. माझीच आहे."

परीक्षक बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही सासू-जावई आहात?"

"हो," दोघं एकदम म्हणाले, जणू हीच चूक सापडली होती.

"बरं. चूक कुणाची ते तुम्ही घरी ठरवा. चूक काय आहे, ते मला सांगा. सांगितलंत तर पास, नाही तर पुढच्या वर्षी भेटू."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. "आई, मला खरंच माहीत नाही. तुम्हीच सांगा ना."

आणि आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या खाली ठेवला आणि टेबलाखाली शिरून चार्जरची वायर तपासायला लागले. वायर ठीक होती, फक्त लॅपटॉपपर्यंत पोचत नव्हती. मी ती बराच वेळ तपासली.

मग वरून आईचा आवाज आला, आधी अगदी हळू.

"म्हणजे कसंय, जावईबापू, पुढे कंपनीला मिळणारे पैसे तुम्ही महागाई धरून वाढवलेत. बरोबर?"

"बरोबर."

"पण ते पैसे आजच्या किमतीत आणायला जो दर लावलात, त्यातून महागाई वजा केलेली आहे. मग पैसे फुगलेलेच राहिले ना? मुलाची उंची बूट घालून मोजली आणि भिंतीवरच्या जुन्या खुणा अनवाणी पायाच्या, असं झालं ते." आवाज चढत चाललेला. हा आवाज मी ओळखत होते. माझं गणित याच आवाजात झालं होतं. "धरायची तर दोन्हीकडे धर, सोडायची तर दोन्हीकडे सोड! दोन वर्षं बघतेय, दराखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचंच नाही म्हणून ठरवलंयस तू!"

मी टेबलाखालून डोकं वर काढलं. आईचा हात तोंडावर गेला होता.

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "मग आधी का नाही सांगितलंत?"

आईने हात खाली घेतला.

"आता सांगतेय ना. लिहून घे."

त्याने निमूटपणे पेन उचललं. परीक्षक बाईंनी कपाळावर चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "पास. तक्ता दुरुस्त करून आठवड्यात पाठवा. माझ्या सासूबाईंनासुद्धा बरंच काही बोलायचं असणार असं वाटतंय मला आता." आणि स्क्रीन काळी झाली. नवऱ्याला आधी वाटलं त्यांनी कॉल बंद केला. प्रत्यक्षात लॅपटॉपने मान टाकली होती.

"बॅटरी गेली," तो म्हणाला. "आई, तुम्ही दमला असाल. दुरुस्ती उद्या करू."

"उद्या कशाला?" आईने स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला, कुणालाही न विचारता, आणि सरबताची बाटली घेऊन आली. मग लॅपटॉप उचलला, टेबलाला वळसा घालून प्लगजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि वायर खोचली.

"तू त्या बाजूला बस," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि आधी तो कोट काढ, घामाने चिंब झालायस."

त्याने कोट काढला. मला कुणीच काही सांगायला सांगितलं नाही, म्हणून मी ग्लास आणायला गेले.