पाचापैकी तीन

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. पण 'जुनी' हा शब्द जरा हळू म्हणा, कारण आज शनिवार आहे आणि शनिवारी माझं वय निम्म्यावर येतं! सकाळचे साडेआठ वाजले आहेत. आर्लिस बोनेट उघडून तेल बघते आहे. लिंडाल गावच्या लायब्ररीसमोर वीस माणसं नऊच्या सहलीसाठी आठपासून उभी आहेत. आमच्या विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांमध्ये वेळेवर येणारा माणूस उशिरा आला असंच समजतात.

एवढी मी हरखून गेले आहे खरी, पण मागच्या सप्टेंबरात मी भंगारात निघाले होते. ती गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्यांच्या गलक्यात झाला. अंगावर पिवळाधमक रंग चढला, पोटात हिरव्या सीटच्या दोन रांगा बसल्या आणि मी लिंडालच्या शाळेत दाखल झाले. एकोणीस वर्षं मी मुलांची ने-आण केली आणि एकोणीसही वर्षं माझं चाक आर्लिसच्याच हातात होतं. थंडीत इतर गाड्या खोकून खोकून गप्प बसायच्या. मी मात्र दुसऱ्या किल्लीला सुरू! बर्फाच्या वादळात बेचाळीस मुलं मी घरोघर पोचवली आहेत, आणि एकाचीही टोपी हरवू दिली नाही. बरं, टोप्या हरवल्या, पण मुलं नाही.

मला निवृत्त केलं त्या दिवशी मुख्याध्यापक बाहेर आले. मी छाती फुगवून उभी राहिले. त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिने काही फारसा त्रास दिला नाही."

बस्स! एकोणीस वर्षांचं एवढंच बक्षीस! तो घाव माझ्या मनातून कितीतरी वर्षं गेला नाही.

पुढची सहा वर्षं मी धान्याच्या कोठारामागे पडून होते. मागच्या सीटवर रकून नावाच्या झुबकेदार शेपटीच्या प्राण्यांच्या एका कुटुंबाने संसार थाटला. तळाच्या भोकातून एक रोपटं वर आलं आणि त्याचं चांगलं मनगटाएवढं झाड झालं. कुणी फिरकत नव्हतं. मग एप्रिलमधल्या एका दुपारी आर्लिस आली. तीही तोवर निवृत्त झाली होती. कोटाच्या खिशात हात घालून ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"अरेच्चा," ती म्हणाली. "तू अजून इथेच?"

दुसऱ्या दिवशी ती करवत घेऊन आली. झाड कापलं, रकूनना हात जोडून बाहेर काढलं, इंजिन खोललं. तिला आमच्या काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, चार ठिकाणं शनिवारी लोकांना दाखवायची होती. मला निळा रंग दिला. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांनी माझ्या अंगावर ट्राउट मासा काढला. तो कोंब फुटलेल्या बटाट्यासारखा दिसतो. गावकऱ्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "वेगळंच आहे काहीतरी." आमच्याकडे 'वेगळंच आहे' म्हणजे भयंकर आहे. पण मास्तरांचं मन दुखवायला कोण धजणार? बटाटा आहे तिथेच आहे.

आणि मित्रांनो, काय ती सहल! आधी बिग ट्राउटचं दर्शन. माशाचा सव्वीस फुटी पुतळा, चौकात, शेपूट वर करून! शेजारच्या काउंटीत अठ्ठावीस फुटी आहे असं म्हणतात, पण आम्ही त्या विषयावर बोलत नाही. मग चीजचा कारखाना, मग चर्चच्या तळघरात रुबार्बच्या देठांची आंबटगोड पाई, आणि शेवटी नदीवरचा उंच कडा. तिथून खाली मिसिसिपी अशी पसरलेली दिसते की चढ चढून आलेला माझा धापा टाकणारा जीव जागच्या जागी शांत होतो. अकरा उन्हाळे मी हा रस्ता केला, आणि दर शनिवारी मला तो नवा वाटतो!

माझ्या पुढच्या उजव्या सीटवर डेलमार बसतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे, जन्मभर गाई पाळलेले. पहिले सहा उन्हाळे ते बायकोबरोबर आले. डार्लीन खिडकीशी बसायची. ती गेल्यापासून खिडकीच्या सीटवर डेलमारांची टोपी बसते. नजर अधू झाल्यामुळे त्यांना आता गाडी चालवता येत नाही. आठवड्यात ते घराबाहेर पडतात ते फक्त शनिवारी, माझ्याबरोबर.

सहल संपली की प्रत्येकजण एक कार्ड भरून कॉफीच्या डब्यात टाकतो. कार्डावर दोनच ओळी असतात. पाचापैकी गुण किती, आणि सहल कशी वाटली. ती कार्डं जातात काउंटीच्या मंडळाकडे, आणि तिथेच घात झाला.

पुढच्या उन्हाळ्यात कोणकोणती आकर्षणं ठेवायची हे ठरवायला मंडळाने न्यू जर्सीहून एक हुशार मुलगी बोलावली. तिचं नाव डॅनिएला रुसो. मुलगी गुणी होती. तिने आमची शेकडो कार्डं एकूण एक वाचली, आणि एका बुधवारी ती आर्लिसच्या शेडमध्ये आली.

"आर्लिस, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली, "पण लोकांना ही सहल फारशी आवडत नाही."

"हो का?"

"पाचापैकी तीन. जिथे बघावं तिथे तीन! आणि शेरे ऐका. 'वाईट नाही.' 'वाईट नाही.' 'याहून वाईट पाहिलंय.' मंगळवारी मंडळाची बैठक आहे. मी बस बंद करा असं सुचवणार आहे. टेकडीवर तारेवरून घसरत जायचा खेळ आणता येईल."

आर्लिसने माझ्याकडे अंगठा दाखवला. "आणि हिचं काय?"

"भंगारात जाईल बहुतेक."

"बरं," आर्लिस म्हणाली. "मग तसं. कॉफी घेशील? थोडा केकही आहे."

बरं? बरं! मित्रांनो, इंजिन बंद असताना रेडिएटर उकळलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? माझा उकळला! अगं, सांग ना तिला! पहाटे उठून तू माझी एकेक काच पुसतेस ते सांग! पण आर्लिसने केक कापला, डॅनिएलाला मोठा तुकडा दिला, हवेबद्दल बोलली, आणि ती गेल्यावर माझ्या चाकाला टेकून म्हणाली, "आपल्याच तोंडाने आपलं गुणगान कोण गाणार? त्यापेक्षा भंगार परवडलं."

तिचा आवाज जरा ओला होता. मला तेव्हा तिचा राग आला आणि माझीही फार कीव आली.

डॅनिएलाची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. न चाखता ताट परत पाठवणारी ती नव्हती. त्या शनिवारी ती स्वतः सहलीला आली, नऊ वाजून दोन मिनिटांनी, धावत. सगळे घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

माशापाशी सगळ्यांनी फोटो काढले. प्रत्येकाकडे तो फोटो आधीच आहे. डेलमारांनी माशाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "गेल्या शनिवारपेक्षा काही वाढला नाही." हा विनोद ते अकरा वर्षं करतात आणि अकरा वर्षं सगळे मान हलवतात.

चीजच्या कारखान्यात नुकत्याच काढलेल्या ताज्या चीजच्या पिशव्या मिळाल्या. ते दातांखाली कुईकुई वाजतं. वाजलं नाही तर शिळं! माझ्या पोटात वीस तोंडं एकदम कुईकुई करू लागली.

"अप्रतिम!" डॅनिएला ओरडली. "आयुष्यात मी इतकं भारी काही खाल्लं नाही!"

बसमधले सगळे आपापले बूट बघू लागले. कुणी असं भर चौकात कपडे काढल्यासारखं बोललं की आमच्या लोकांना कुठे बघावं ते कळत नाही.

"खाता येतं तसं," पलीकडच्या सीटवरची ओपल डॅनिएलाची लाज झाकायला म्हणाली.

मग तळघर. मी खिडकीला लागूनच उभी असते, त्यामुळे मला सगळं दिसतं. पाईचा शेवटचा तुकडा उरला. आता आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. कुणीतरी त्याचा अर्धा घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा घेतो, आणि शेवटी ताटलीत नखाएवढा कण राहतो. तोही ओपल झाकून ठेवते. डॅनिएलाने तो अख्खा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. एकोणीस काटे हवेत थांबले.

"घे, घे," ओपल म्हणाली, "नाहीतरी वायाच गेला असता." एखाद्याला माती देऊन आल्यावर निघतो तसा तिचा आवाज होता.

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. खाली नदीवर एक लांबलचक मालवाहू तराफा इतक्या सावकाश चालला होता की तो चालला आहे हे पटायला वेळ लागत होता. डेलमार नेहमीच्या बाकावर बसले. तो बाक माझ्या पुढच्या चाकाजवळच आहे. डॅनिएला त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"डेलमार, एक विचारू? खरं सांगाल?"

"खोटं बोलायला डोकं फार लागतं, पोरी. विचार."

"तुम्ही अकरा उन्हाळे दर शनिवारी येता. हीच चार ठिकाणं. आणि दर वेळी कार्डावर तीन! आवडत नाही तर येता कशाला?"

डेलमारांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आवडत नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच! पाचापैकी तीन!"

"मग? पाच देवाचे." त्यांनी एक बोट मिटलं. "चार डार्लीनचे." दुसरं मिटलं. "त्याच्यानंतर जगात जे सगळ्यात चांगलं, त्याला तीन. अजून काय द्यायचं?"

डॅनिएला बाकावर पुढे सरकली. "आणि 'वाईट नाही' म्हणजे?"

"वाईट नाही म्हणजे... वाईट नाही." डेलमारांनी हनुवटी खाजवली. त्यांना असं काही उलगडून सांगायची सवय नव्हती. "आता बघ. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, मी डार्लीनचा हात धरला आणि म्हणालो, 'एकोणसाठ वर्षं वाईट नव्हती गं.' तर ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, 'पुरे आता, उगाच वाहवत जाऊ नकोस.'"

डॅनिएला नदीकडे बघत राहिली आणि मग तिने बाहीने नाक पुसलं.

आणि माझं काय झालं म्हणून विचारता? मला मुख्याध्यापक आठवले! 'हिने काही फारसा त्रास दिला नाही!' अगं वेडे, एकोणीस वर्षांनी त्या गंभीर माणसाने सगळ्यांदेखत तुझ्यावर स्तुतिसुमनांची बरसात केली होती, आणि तू सतरा वर्षं फुगून बसलीस, नव्हे, रुसून बसलीस! माझ्या सगळ्या काचा थडथडल्या. आर्लिसला वाटलं वारा सुटला.

लायब्ररीपाशी परत आलो. "चला तर मग," म्हणत डेलमारांनी दोन्ही मांड्यांवर थाप मारली. आमच्याकडे ही निरोपाची सुरुवात असते, शेवट नव्हे. दारात पाच मिनिटं, पायरीवर दहा, गाडीच्या खिडकीशी पंधरा, असे सगळे पाऊण तासाने पांगले. मग डॅनिएला माझ्या पायरीवर बसली आणि कॉफीचा डबा उघडून कार्डं वाचू लागली. तीन, वाईट नाही. तीन, वाईट नाही. आता ती प्रत्येक कार्ड वाचून हसत होती.

एका कार्डावर ती थांबली. तिने ते आर्लिसला दिलं. अक्षर डेलमारांचं होतं. तीनचा आकडा खोडून शेजारी चार लिहिला होता. खाली लिहिलं होतं, "डार्लीनला विचारलं. तिची हरकत नाही."

आर्लिसने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "धूळ फार बसलीय हिच्यात," ती म्हणाली. खोटं! त्याच सकाळी तिने मला नखशिखांत धुतलं होतं.

मंगळवारच्या बैठकीला अर्थातच मला कुणी बोलावलं नाही. आर्लिसने परत आल्यावर सांगितलं ते एवढंच. डॅनिएलाने जाडजूड अहवाल बाजूला ठेवला, ते एक कार्ड वाचून दाखवलं आणि खाली बसली. मंडळाचे अध्यक्ष डुकरं पाळतात, एरवी तासभर बोलतात. ते छताकडे बघत राहिले, मग मांड्यांवर थाप मारून म्हणाले, "चला तर मग. बस राहू दे."

"राहिलीस," असं म्हणून आर्लिसने माझ्या बोनेटवर दोनदा थोपटलं. आता मला तिची भाषा येते. तेवढ्याने माझ्या चारी चाकांत आनंद मावेना!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी सायकल, जुनं घड्याळ, जुना माणूस असेल. त्यांना कोठारामागे टाकू नका. तेलपाणी करा, पुसा, आठवड्यातून एकदा फिरवून आणा. आणि कमी बोलणारं कुणी 'बरं आहे' म्हणालं तर माझ्यासारखं रुसू नका. त्या माणसाने वरचे आकडे कुणाला देऊन ठेवले आहेत, ते विचारा.

निघायची वेळ झाली! रांगेत विसावं माणूस डॅनिएला आहे. रजा काढून आली आहे, आणि आज तीही आठपासून उभी आहे. आर्लिसने तिला विचारलं, "कशी आहेस?"

"वाईट नाही," डॅनिएला म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्यांनी मान हलवली.

डेलमारांचं ते कार्ड आरशाच्या वर चिकटवलेलं आहे. चढताना ते त्याच्याकडे चुकूनही बघत नाहीत. टोपी खिडकीच्या सीटवर ठेवतात आणि बसतात. त्या एका शनिवारनंतर त्यांनी मला पुन्हा कधी चार दिले नाहीत. दर वेळी तीनच. तेच बरोबर आहे. चार डार्लीनचे, तिने ते मला एकदाच उसने दिले होते.